माझे दहा मार्क कुठे गेले?

आमच्या पिढीचा एक आवडता उद्योग आहे. संध्याकाळी बागेतल्या बाकावर बसायचं आणि समोरून मोबाइलमध्ये मान घालून जाणाऱ्या पोरांकडे बघून हळहळायचं. 'ही पिढी विचारच करत नाही हो!' हे वाक्य आमच्या कट्ट्यावर दिवसाकाठी चार वेळा तरी होतंच. मीही त्यात मागे नसतो. छत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, तेव्हा तरुण पिढीची काळजी करण्याचा परवानाच आपल्याकडे आहे, अशी माझी समजूत. गेल्या महिन्यात या समजुतीला जरा तडा गेला, म्हणून हे लिहायला बसलो.

झालं असं, की माझी नात सुट्टीला घरी आली होती. इंजिनिअरिंगला आहे. तिला कॉलेजात एक सेमिनार द्यायचा होता. विषय होता, माणसांबद्दलचे निर्णय यंत्राने घ्यावेत का? मला वाटलं, सिनेमातले रोबो वगैरे असणार. पण ती म्हणाली, "आबा, तुम्ही शिक्षक होतात ना, मग हे ऐकाच. ही निकालाची गोष्ट आहे." आणि तिने मला इंग्लंडमधल्या २०२० सालच्या ए लेव्हलच्या निकालाची हकिगत सांगितली.

ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

ए लेव्हल म्हणजे साधारण आपली बारावी. तिथली विद्यापीठं मुलांना परीक्षेच्या आधीच प्रवेश देऊन ठेवतात, पण अटीवर. अमुक ग्रेड मिळाल्या तर जागा तुमची, नाही तर नाही. २०२० साली करोनामुळे परीक्षाच रद्द झाल्या. मग शिक्षकांना सांगितलं गेलं, की परीक्षा झाली असती तर प्रत्येक मुलाला कुठली ग्रेड मिळाली असती ते लिहून द्या, आणि शिवाय प्रत्येक विषयात पहिल्यापासून शेवटपर्यंत मुलांचे क्रमांकही लावा. शिक्षकांनी इमानेइतबारे दोन्ही दिलं.

आता शिक्षक म्हटला की त्याचा हात थोडा सैल सुटतोच. मी स्वतः तो सैल सोडलेला आहे, त्यामुळे नाकबूल करणार नाही. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी दिलेल्या ग्रेड जशाच्या तशा धरल्या असत्या तर ए किंवा त्याहून वरची ग्रेड मिळवणाऱ्यांचं प्रमाण २०१९ च्या सुमारे २५ टक्क्यांवरून एकदम ३८ टक्क्यांवर गेलं असतं. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या ऑफक्वाल या संस्थेला ही भीती होती आणि ती भीती खोटी नव्हती. सरकारचंही म्हणणं होतं, की निकाल फुगता कामा नये. म्हणून ऑफक्वालने एक गणिती रीत तयार केली. हल्लीच्या भाषेत अल्गोरिदम. त्या शाळेचा त्या विषयातला २०१७ ते २०१९ या तीन वर्षांचा निकाल घ्यायचा, यंदाच्या मुलांच्या आधीच्या परीक्षेतल्या गुणांवरून त्यात थोडा फेरफार करायचा, आणि त्यातून ठरवायचं की या शाळेला यंदा किती ए, किती बी, किती सी. मग शिक्षकांनी लावलेल्या क्रमाने वरून खाली ते वाटत जायचं.

आणि शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडचं काय? एका विषयाला पंधराहून जास्त मुलं असतील तर तिचा विचारच नाही! फक्त क्रमांक घ्यायचा. पाचाहून कमी मुलं असतील तर मात्र शिक्षकांचीच ग्रेड कायम, कारण इतक्या थोड्या मुलांवर आकडेशास्त्र चालत नाही. मधल्यांना दोन्हींचं मिश्रण. आता एका विषयाला चार-पाचच मुलं कुठे असतात, हे सांगायला मास्तर कशाला हवा? भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळांत अशा वर्गांचं प्रमाण जास्त.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळजवळ ३९ टक्के खाली आणलेल्या होत्या. खासगी शाळांत ए आणि ए-स्टार मिळवणाऱ्यांचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा ४.७ टक्क्यांनी वाढलं, तर सर्वसामान्य घरातली मुलं जिथे मोठ्या संख्येने शिकतात त्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजांत ते अवघं ०.३ टक्क्यांनी वाढलं. समजा एखाद्या शाळेत गेल्या तीन वर्षांत गणितात कुणालाच ए-स्टार मिळाला नव्हता. यंदा एखादं पोर खरोखर हुशार निघालं, तरी त्याला तो मिळणं जवळजवळ अशक्य, कारण त्या शाळेच्या वाट्याला ए-स्टार आलेलाच नाही. आणि शाळेत दर वर्षी दोघं-तिघं नापास होत असतील, तर यंदाही यादीच्या तळाशी असलेल्या कुणाला तरी नापास व्हायला हवं. न दिलेल्या परीक्षेत!

मुलं रस्त्यावर उतरली. लंडनमध्ये शिक्षण खात्याच्या दारात सतरा-अठरा वर्षांची पोरं फलक घेऊन उभी राहिली. 'तुमचा अल्गोरिदम मला ओळखत नाही' अशा अर्थाचे फलक होते. त्यांची एक घोषणा फार गाजली. तिच्यातला पहिला शब्द मला इथे लिहिता येणार नाही, पण शिवी कोणाला होती, तर अल्गोरिदमला! मंत्र्याच्या नावाने, कुलगुरूच्या नावाने घोषणा आपण खूप ऐकल्या. गणिती रीतीच्या नावाने शंख करणारा मोर्चा मी तरी त्याआधी ऐकला नव्हता. लंडनमधल्याच एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने कायदेशीर लढाई सुरू केली. १७ ऑगस्टला, म्हणजे चारच दिवसांत, सरकारने माघार घेतली आणि शिक्षकांच्या ग्रेड मान्य केल्या. स्कॉटलंडमध्ये हेच नाटक आठवडाभर आधी होऊन गेलं होतं. तिथे सव्वा लाखाच्या आसपास ग्रेड खाली आणल्या होत्या, आणि उत्तीर्णांच्या प्रमाणातली कपात सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी १५.२ टक्के तर सर्वांत सुखवस्तू वस्त्यांतल्या मुलांसाठी ६.९ टक्के होती.

या सगळ्यात मला चटका लावून गेली ती मँचेस्टरजवळच्या ॲश्टन गावातल्या एका मुलीची गोष्ट. तिने २०१९ साली एक कथा लिहिली होती, 'अ बँड अपार्ट' नावाची. एक अल्गोरिदम मुलांना त्यांच्या सामाजिक थरानुसार गटांत वाटून टाकतो आणि त्यांचं भविष्य ठरवतो, अशी त्या कथेची कल्पना. कथेला ऑर्वेलच्या नावाचं तरुण लेखकांसाठीचं बक्षीस मिळालं. आणि पुढच्याच वर्षी खऱ्याखुऱ्या अल्गोरिदमने याच मुलीची इंग्रजीची ग्रेड ए वरून बी वर आणली! स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातली तिची जागा त्या दिवशी गेली. जी गोष्ट तज्ज्ञांच्या समितीला दिसली नाही, ती त्या मुलीने शाळेत असताना वर्षभर आधी लिहून ठेवली होती. विचार न करणारी पिढी म्हणतात ती हीच का?

पुढे ऑगस्टच्या अखेरीला पंतप्रधान बोरिस जॉन्सन एका शाळेत गेले आणि मुलांसमोर त्यांनी सगळा दोष एका 'म्युटंट अल्गोरिदम'वर टाकला. म्हणजे जणू ते यंत्र रात्रीतून पिसाळलं. हे सांगताना नात जरा चिडलीच. म्हणाली, "आबा, तो बिघडला नव्हताच. त्याला जे सांगितलं होतं, तेच त्याने चोख केलं. निकाल फुगू देऊ नका आणि शाळेचा इतिहास बघा, हे सांगणारी माणसं होती. यंत्राला सोडून द्या हो, सांगितलं कोणी ते विचारा."

मग तिने लॅपटॉप मिटला आणि सहज विचारलं, "तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतंत?"

मी गप्प बसलो. कारण मी त्यांच्या जागी होतो. फक्त माझ्याकडे यंत्र नव्हतं. फूलस्केप कागद होता आणि लाल पेन होतं.

आमचं हायस्कूल तालुक्याच्या गावी. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळा सातवीपर्यंत, त्यामुळे आठवीला मुलं आमच्याकडे यायची. जूनमध्ये आठवीच्या चार तुकड्या पाडायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. अ तुकडीत हुशार मुलं, मग ब, मग क आणि उरलेली ड. सातवीच्या गुणांवरून यादी करायची. पण स्टाफरूममध्ये सगळ्यांचं मत असं, की काही वाड्यांवरच्या शाळा गुण फार सैल हाताने देतात. 'त्या वाडीचे ऐंशी म्हणजे आपले सत्तर' हे आम्ही इतक्या सहज म्हणायचो की तो एक नियमच होऊन बसला. चार-पाच शाळांची नावं ठरलेली होती. त्या शाळांतून आलेल्या मुलांच्या टक्क्यांतून दहा वजा करायचे आणि मग यादी लावायची. यात आपण काही अन्याय करतो आहोत असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. उलट आपण शास्त्रशुद्ध काम करतो, वशिल्याला थारा देत नाही, याचा अभिमानच होता.

१९८५ च्या जूनमध्ये मी यादी फळ्याशेजारी लावली. नाव, शाळा, धरलेले टक्के, तुकडी. दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. तेल लावून चापूनचोपून घातलेल्या दोन वेण्या, हातात सातवीचं प्रगतिपुस्तक. तिला ८१ टक्के होते. यादीत ७१ होते. त्या दहांनी ती ब मधून घसरली होती, आणि क भरलेली असल्याने ड मध्ये गेली होती.

"सर, माझे धा मार्क कुठं गेले?"

मी तिला समजावलं. म्हटलं, "बाळ, तो शाळेचा नियम असतो. सगळ्यांना सारखाच आहे." ती म्हणाली, "पन पेपर तर मी लिवले हुते." मी म्हटलं, "वर्गात जा." ती गेली.

ड तुकडीला त्या वर्षी दिवाळीपर्यंत गणिताला शिक्षकच नव्हता. जो नवीन लागेल, ज्याच्या हाताला कमी तास असतील, तो ड वर. ही आमची पद्धत. तीन वर्षांनी दहावीचा निकाल लागला तेव्हा ड तुकडीचा निकाल नेहमीसारखाच लागला आणि आम्ही नेहमीसारखंच म्हणालो, 'बघा, त्या वाड्यांवरची मुलं कच्चीच असतात.' आमचा अंदाज दर वर्षी खरा ठरायचा, कारण तो खरा ठरेल अशी तजवीज आम्हीच करून ठेवलेली होती. ती मुलगी ५८ टक्क्यांनी पास झाली. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

आणि एक गोष्ट नातीला सांगताना माझी मलाच लाज वाटली. त्या मुलीच्या प्रश्नानंतर आम्ही काहीच बदललं नाही असं नाही. पुढच्या वर्षीपासून आम्ही यादीत टक्के लिहायचं बंद केलं. नुसतं नाव आणि तुकडी. म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको!

लोक म्हणतात, यंत्राला मन नसतं म्हणून असं होतं, माणूस असता तर असं झालं नसतं. मला हे पटत नाही. मला मन होतं. मी मुलांना कविता शिकवताना रडवायचो. तरीही मी एका मुलीच्या वहीऐवजी तिच्या वाडीचा इतिहास तपासला. यंत्राने फक्त एवढंच केलं, की माझ्यासारखा एक माणूस चार तुकड्यांवर जे करायचा, ते एका दिवसात अख्ख्या देशावर करून दाखवलं. आणि सगळ्या देशावर एकदम झालं म्हणून ते दिसलं. माझी ती पोरगी मात्र दारात एकटी उभी होती.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शिक्षकांच्या ग्रेड मान्य केल्याने सगळं गोड झालं असं नाही. ए आणि त्यावरच्या ग्रेडचं प्रमाण खरोखरच ३८ टक्क्यांवर गेलं. काही अभ्यासक्रम आधीच भरले होते, तिथल्या मुलांना वर्षभर थांबा म्हणून सांगावं लागलं. शिवाय शिक्षकाच्या मनात खोट असेल तर त्याच्या ग्रेडमध्येही ती उतरणारच. वर माझीच साक्ष झाली आहे. म्हणून 'यंत्र वाईट, माणूस चांगला' एवढ्यावर हा विषय संपत नाही. हजार मुलांच्या सरासरीबद्दल जे खरं असतं, ते एका मुलाच्या कपाळावर लिहायचा अधिकार कोणाला आहे, हा खरा प्रश्न. शाळेचा गेल्या तीन वर्षांचा निकाल शाळेबद्दल सांगतो. समोर बसलेल्या मुलाने अजून काही केलेलंच नसतं.

आपल्याकडे २०२१ साली दहावीच्या परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा आपल्या राज्य मंडळाने सूत्र ठरवलं. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. माझी नात त्याच बॅचची. आता या मुलांची नववी कुठली? तर २०१९-२० ची, जिच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीत रद्द झाली होती. म्हणजे पहिल्या सत्राच्या गुणांवर नववीचा निकाल आणि त्या निकालावर निम्मी दहावी! शिक्षकांना हेही ठाऊक असेल, की नववीत मुद्दाम हात आखडून गुण देण्याची बऱ्याच शाळांत रीत असते, म्हणजे दहावीला मुलं जागी होतात. ज्या शाळेने प्रामाणिकपणे कडक तपासलं, तिची मुलं मागे पडली. सीबीएसईच्या दहावीला तर शाळेची सरासरी तिच्या आधीच्या तीन वर्षांतल्या सर्वांत चांगल्या निकालाच्या दोन गुणांच्या आतबाहेर ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे शाळेचा इतिहास इथेही होताच. पण आपल्याकडे फारसा गदारोळ झाला नाही. राज्य मंडळाचा निकाल ९९.९५ टक्के लागला, घरोघर पेढे वाटले. खूश झालेला माणूस सूत्र विचारत नाही.

मी नातीला हेच म्हणालो. "तुला तेव्हा ९३ टक्के मिळाले. तेव्हा तू विचारलं होतंस का, हे कुठून आले?" ती थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "नाही विचारलं. मैत्रिणीला ७४ मिळाले होते. ती नववीत आजारी होती. ती रडत होती आणि मी पेढे वाटत होते." मग तीच पुढे म्हणाली, "आबा, हे मला सेमिनारमध्ये घालायला हवं."

तरुणांकडून माझी अपेक्षा असेल तर ती एवढीच. आपली ग्रेड खाली आली म्हणून ओरडणं सोपं आहे आणि योग्यही आहे. पण आपली ग्रेड वर गेली असताना शेजारच्या बाकावर काय झालं हे विचारणं, तिथे खरी नीती सुरू होते. ही मुलं उद्या नोकरीला लागतील आणि असली सूत्रं तीच लिहितील. कर्ज कोणाला द्यायचं, नोकरीला कोणाला बोलवायचं, कोणाचा अर्ज वाचायचाही नाही. तेव्हा त्यांच्या दाराशी कुणी प्रगतिपुस्तक घेऊन उभं राहिलं तर 'सिस्टिमचा नियम आहे' असं म्हणून त्यांनी त्याला वर्गात पाठवू नये. आणि मुख्य म्हणजे यादीतला तो रकाना पुसू नये.

आम्ही मात्र त्यांना हे शिकवलेलं नाही, हेही कबूल करायला हवं. वर्गात प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'आगाऊ' म्हणायचं आणि मग सत्तरी आली की बागेत बसून 'ही पिढी विचार करत नाही' म्हणायचं, हे काही बरोबर नाही. अजूनही जूनमध्ये तुकड्या पाडण्याचं काम ज्यांच्याकडे असेल, त्या माझ्या व्यवसायबंधूंना एकच विनंती. यादी लावाल तेव्हा ती कशी केली तेही शेजारी लिहा. आणि कुणी विचारायला आलं तर त्याला बसवून घ्या, पेपर काढा आणि पाहा.

असो. नातीचा सेमिनार झाला. जाण्याआधी तिने विचारलं होतं, "आबा, तुमची तुकड्यांची गोष्ट सांगितली तर चालेल?"

म्हटलं, "सांग. शाळेचं नाव नको घेऊस. माझं घेतलंस तरी चालेल."